सैनिक माशीच्या अळीचे पचन व ओल्या कचऱ्याचे खत

मराठवाड्यातील जमिनीत सेंद्रिय द्रव्याची उणीव आहे. शेणखत गोठ्यावर अवलंबून असते आणि अवर्षणात पहिला घाव गोठ्यावरच पडतो. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. त्या वर्षी मराठवाड्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एकीकडे खताची अशी वाण, तर दुसरीकडे भाजीबाजारातील सडका माल, अर्धापूर भागातील केळीबागांतून निघणारी टाकाऊ फळे आणि घरोघरचे खरकटे दुर्गंधी पसरवीत वाया जाते. हा ओला कचरा थोड्या दिवसांत पचविणारा एक जीव आहे. तो म्हणजे काळ्या सैनिक माशीची अळी.

ओळख

ही माशी मूळची अमेरिका खंडातील असली, तरी आता भारतासह बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते. ती काळी, सडपातळ व गांधीलमाशीसारखी दिसते, परंतु दंश करीत नाही. प्रौढावस्थेत तिला अन्न घेण्याची गरज पडत नाही. अळीपणी साठविलेल्या चरबीवरच तिचे अल्प आयुष्य निभावते. म्हणून घरमाशीप्रमाणे ती आपल्या अन्नावर येऊन बसत नाही.

उकिरड्यात अळ्या दिसताच कीटकनाशक टाकण्यापूर्वी त्या नीट पाहाव्यात. घरमाशीची अळी पांढरी, मऊ व तोंडाकडे निमुळती असते. हुमणीला तीन पायांच्या जोड्या असतात व ती अर्धवर्तुळाकार वळलेली असते. सैनिक माशीची अळी चपटी, चिवट कातडीची व बिनपायांची असून वाढ पुरी झाल्यावर ती काळपट होते. ती पिकांची मुळे खात नाही.

अळीचे पचन

मादी कुजणाऱ्या पदार्थांजवळच्या कोरड्या फटीत सुमारे ५०० अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात व अनुकूल उष्णतेत सुमारे दोन आठवडे अखंड खात राहतात.

अळीच्या मध्यांत्राचे तीन भाग आहेत. माती परीक्षणामुळे शेतकऱ्यांस परिचित असलेल्या सामूच्या भाषेत हे भाग चांगले समजतात. पहिल्या भागात सामू सुमारे ६ असून तेथे पिष्टमय पदार्थांच्या पचनास आरंभ होतो. मधल्या भागात तो सुमारे २ पर्यंत उतरतो. या तीव्र आम्लात आणि तेथील जीवाणुनाशक रसात अन्नाबरोबर आलेले पुष्कळ जीवाणू मरतात. शेवटच्या भागात सामू ८ च्या वर जातो. तेथे प्रथिनांचे पचन होऊन पोषक द्रव्ये शोषली जातात.

तथापि या पचनशक्तीला मर्यादा आहे. काष्ठमय तंतू अळीला फारसे पचत नाहीत. म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या किंवा केळीचे खुंट तिच्यापुढे टाकून उपयोग नाही. ते बारीक करून कंपोस्ट खड्ड्यात घालावेत. मऊ व ओले ते अळीला, राठ व कोरडे ते खड्ड्याला, ही वाटणी ध्यानात ठेवावी.

पद्धती

सावलीत उथळ टाके किंवा टब ठेवावा. कचरा बारीक करून चार बोटांहून अधिक जाड थर देऊ नये, अन्यथा तळाशी हवा न पोचून दुर्गंधी सुटते. कचरा मुठीत दाबल्यावर थोडेच थेंब गळावेत. पाणी अधिक असल्यास सोयाबीनचे भुसकट मिसळावे. ओल्या कचऱ्यातील ओलावाच अळीला पुरतो, त्यामुळे पाणीटंचाईच्या गावांना ही पद्धती सोयीची आहे.

२७ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता अळीस मानवते. नांदेड-लातूरच्या वैशाखात ऊन ४० अंशांवर गेले म्हणजे अळ्या कचरा सोडून पळू लागतात. त्यासाठी गवताचे छप्पर व भोवती ओले गोणपाट असावे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा कचरा कमी टाकावा.

वाढ पुरी झालेल्या अळ्या कोरड्या जागेच्या शोधात आपण होऊन वर चढतात. टाक्याच्या एका बाजूस उतरती फळी लावून तिच्या वरच्या टोकाशी बादली ठेवल्यास त्या आपोआप गोळा होतात. त्यांच्या वाळलेल्या वजनात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. गरम पाण्यातून काढून वाळविल्यावर परसातील कोंबड्यांच्या खाद्यात त्या थोड्या प्रमाणात मिसळता येतात.

दक्षता

मेलेली जनावरे किंवा औषध फवारलेला माल टाक्यात घालू नये. शहरी कचऱ्यात जुन्या बॅटऱ्या मिसळलेल्या असल्यास त्यांतील कॅडमियमसारखी विषारी धातुद्रव्ये अळीच्या शरीरात साठतात. अशा अळ्या कोंबड्यांना घालू नयेत. पोटातील आम्लाने सारेच रोगजंतू मरतात असेही समजू नये. अळ्या काढल्यावर उरलेला चोथा अर्धवट कुजलेला असतो. तो महिनाभर ढीग करून मुरू द्यावा व मगच शेतात टाकावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका टबापासून आरंभ करून ग्रामस्थांस ही रीत प्रत्यक्ष दाखवावी. गोठा रिकामा झाला, तरी ओला कचरा प्रत्येक घरात रोज निघतो. त्याचे खत करणे हे दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याच्या हातचे आहे.