न गाळलेली नावे



नाताळ जवळ आला की घराघरांत झाडलोट होते, नेवऱ्या तळल्या जातात, मुले गोठ्यासाठी गवत गोळा करू लागतात. याच दिवसांत, १७ डिसेंबरच्या मिस्साबलिदानात, संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताची वंशावळ वाचली जाते. अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, नावामागून नाव. ऐकणारे कंटाळतात आणि वाचणारा घाई करतो. मीही त्याच अपराध्यांपैकी एक होतो. एका वर्षी मिस्सानंतर एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, "फादर, सावकाश वाचा. एवढी माणसे देवाने ध्यानात ठेवली. आपण निदान ऐकून तरी घेऊ."

तेव्हापासून मी ती नावे एकेक करून पाहू लागलो. यहूदाने आपल्या भावाला विकण्याची मसलत दिली होती. दावीदाने उरीयाची पत्नी घेतली आणि त्या निष्ठावंत शिपायाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. मनश्शे राजाने यरुशलेमेत निरपराध रक्त सांडले. येशूच्या मातेपूर्वी ज्या चार स्त्रियांचा उल्लेख येतो, त्यांत सारा नाही, रिबेका नाही. तामार आहे, यरीहोची वेश्या राहाब आहे, परक्या मवाब देशची रूथ आहे आणि 'उरीयाची पत्नी' आहे.

हा लेखकाचा अनवधानाचा दोष म्हणावा काय? तसे नव्हे. योराम व उज्जीया यांच्यामधील तीन राजे मत्तयाने गाळले आहेत. गाळणे त्याला ठाऊक होते. तरीही लज्जास्पद वाटणारी ही नावे त्याने राखली. पाप त्याने झाकले नाही आणि पाप्याला कुळाबाहेरही टाकले नाही. अशा कुळात प्रभूने जन्म घेतला.

आमच्या घरी थोरल्या काकांचे नाव कोणी घेत नसे. मद्यापायी त्यांनी वाटणीची जमीन घालविली होती. सायंकाळच्या जपमाळेनंतर कुटुंबातील मृतांची नावे घेतली जात, त्यांत ते नसत. पुरोहित झाल्यावरही मी त्यांच्यासाठी मिस्साबलिदान अर्पिले नव्हते. वंशावळ सावकाश वाचली त्या वर्षी प्रथमच ते नाव मी वेदीसमोर उच्चारले. अपराध काकांचा होता हे खरे. परंतु इतक्या वर्षांचे मौन माझे होते.

आगमनकाळ हा प्रभूसाठी वाट सपाट करण्याचा काळ. आपल्याही घरात असे एखादे न उच्चारलेले नाव असेल: मनाविरुद्ध विवाह केलेली कन्या, वाटणीवरून दुरावलेला भाऊ. गोठा मांडण्यापूर्वी ते नाव एकदा प्रार्थनेत घ्यावे. ती व्यक्ती हयात असेल तर तेवढ्याने भागणार नाही. पत्र लिहिण्यास अजून अवकाश आहे.