घोरणे थांबते तेव्हा

गेल्या मार्गशीर्षात भोरला एका व्याख्यानाला गेलो होतो. दोन दिवस मोकळे होते, म्हणून तसाच पुढे वेल्ह्याला अक्काकडे गेलो. तोरण्याच्या पायथ्याची थंडी, अंगणात शेकोटी, आंबेमोहराचा वाफाळता भात! झोप उत्तम लागायला हवी होती. ती लागली नाही, कारण शेजारच्या खोलीत दाजी घोरत होते.

दाजींचे घोरणे हा आमच्या घराण्यातला जुना विनोद. पहिल्या दिवाळसणालाच आमच्या काकांनी त्यांना 'कुंभकर्ण' ही पदवी बहाल केली होती. त्या रात्री मात्र ते घोरणे मध्येच थांबले. 'सुटलो' म्हणून मी कूस वळवली, तोच पलीकडची खाट करकरली. अक्का उठून बसली होती. तीस आकडे मोजावेत इतका वेळ सारे सामसूम. मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा दाजींनी मोठ्याने श्वास घेतला आणि घोरणे पुन्हा सुरू झाले.

सकाळी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "घोरतात तोवर मी निर्धास्त झोपते रे. आवाज थांबला की जाग येते. कधी कधी हलवते त्यांना."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"मी बाहेर बाकावर असते. मला कोण विचारतंय?"

दाजींना दहा वर्षे रक्तदाब. एका गोळीच्या तीन झाल्या, लोणचे-पापड सुटले, तरी आकडा हटत नव्हता.

या विकाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. (मराठीच्या मास्तराने 'निद्राश्वासरोध' म्हणावे, पण तो शब्द उच्चारतानाच श्वास अडकतो!) झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू घटतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो; नाडी धावते, रक्तदाब उसळतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला पाचांहून कमी वेळा असे झाले तर चालते. तीस किंवा अधिक म्हणजे विकार तीव्र. रात्री जो रक्तदाब उतरायचा, तो अशा माणसाचा उतरतच नाही. हृदयाला विसावा कसला? पुढे ठोके अनियमित होणे, हृदय थकणे, पक्षाघात, यांचा धोका वाढतो. गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबाच्या मुळाशी हा विकार पुष्कळदा सापडतो. आणि तो दुर्मिळही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत शेकडा साडेसात जणांना तो आढळला.

पुण्यात दाजींची रात्रभराची तपासणी झाली. आकडा निघाला एकेचाळीस. नाकावर मुखवटा बसवून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र घरी आले. ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. मात्र यंत्र म्हणजे जादू नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांचे पुढचे झटके त्याने कमी झाले नाहीत. अर्थात ती मंडळी रात्री सरासरी साडेतीन तासही ते लावत नव्हती. तेव्हा दाजींच्या गोळ्या चालूच आहेत.

यंत्र लावल्यावर पहिल्या रात्री दाजी सकाळपर्यंत शांत झोपले. अक्का तेवढी जागी होती. आवाज नाही, म्हणून दर घटकेला उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून पाहत होती.