मंत्री चुकले, पण कोणाच्या व्याकरणात?

इंग्लंडचे तेव्हाचे शालेय शिक्षण राज्यमंत्री निक गिब मे २०१६ मध्ये बीबीसी रेडिओवर मुलाखत द्यायला बसले आणि भर कार्यक्रमात अडकले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपवणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना २०१३पासून व्याकरणाची परीक्षा द्यावी लागते. गिब या परीक्षेचे खंदे पुरस्कर्ते. मुलाखतकर्तीने विचारलं, ‘आय वेंट टू द सिनेमा आफ्टर आय हॅड ईटन माय डिनर’ यातलं ‘आफ्टर’ काय? प्रेपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यय, गिब म्हणाले. परीक्षेच्या हिशेबी ते कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी अव्यय. मंत्र्यांचं मग व्हायचं तेच झालं: यथेच्छ टिंगल.

पण आधुनिक भाषाविज्ञान गिब यांच्या बाजूचं आहे! ‘आय नो हिम’ आणि ‘आय नो ही लेफ्ट’ या दोन्हींत ‘नो’ क्रियापदच. पुढे नाम आलं की वाक्य, याने त्याची जात बदलत नाही. मग ‘आफ्टर डिनर’ आणि ‘आफ्टर आय एट’ यांतल्या ‘आफ्टर’ची का बदलावी? भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सनने हा मुद्दा १९२४ मध्येच मांडला. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या अठराशेहून अधिक पानी केंब्रिज व्याकरणातही असं ‘आफ्टर’ प्रेपोझिशनच आहे.

शाळेत मात्र लॅटिनच्या साच्यातून आलेली अठराव्या शतकातली वर्गवारीच बव्हंशी टिकून आहे. आपल्याकडे ती रेन आणि मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून घरोघरी पोचली. (यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि साहसकथाही लिहीत.) ‘रिमूव्ह टू’, ‘चेंज द व्हॉइस’ हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना तोंडपाठ, दोन वाक्यं धड बोलायची वेळ आली की घशाला कोरड. नुसत्या व्याकरणाच्या तासांनी लेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेच्या अहवालाने १९६३ मध्येच काढला होता.

म्हणून व्याकरण गुंडाळून ठेवा, असं मी म्हणणार नाही. इंग्रजी घरात कानावर पडत नाही, त्या मुलाला वाक्य कसं बांधलं जातं हे कुणीतरी दाखवायलाच हवं. मराठी मुलं ‘जेवताना’साठी सर्रास ‘ड्युरिंग आय वॉज ईटिंग’ असं चुकीचं लिहितात. शिक्षकांनो, ‘आफ्टर’ची जात ओळखायला लावून गुण देण्यापेक्षा त्याच्यापुढे काय काय येऊ शकतं याची पाच वाक्यं मुलांकडून करून घ्या, आणि त्यातलं ‘ड्युरिंग’पुढे काय चालत नाही, ते त्यांचं त्यांना शोधू द्या.