बीओडी कमी आला म्हणजे पाणी स्वच्छ?

सोलापुरातल्या टॉवेल-चादरींच्या डाइंगचं पाणी प्रयोगशाळेत जातं आणि काही दिवसांनी कागदावर बीओडीचा आकडा येतो. तो कमी दिसला की सगळे निश्चिंत होतात. सर्वांत घातक गैरसमज हाच. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. जिवाणूच मेले तर तो वापरणार कोण? सूत उकळताना कॉस्टिक सोडा पडतो, ब्लीचिंगला क्लोरीन किंवा पेरॉक्साइड. असा नमुना जसाच्या तसा चाचणीला लावला तर घाण तशीच राहते, आकडा मात्र सुरेख येतो.

म्हणून आधी सल्फ्युरिक आम्लाने पीएच 7 च्या आसपास आणायचा. उरलेला क्लोरीन सोडियम सल्फाइटने घालवायचा, तोही मोजून, कारण जादा सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातं. पेरॉक्साइडमधून उलट ऑक्सिजन सुटतो; नमुना उघडा ठेवून, ढवळून तो संपू द्यायचा. मग घरगुती मैलापाण्याची निवळ घालून जिवाणू सोडायचे. ‘यानं आकडा फुगतो’ ही तक्रार खोटी, कारण त्या निवळीचा वाटा शेवटी वजा होतो.

‘नमुन्यात पाणी मिसळणं ही लबाडी’ हेही चूक. सोलापूरच्या उंचीवर, 27 अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. सुताची खळ धुतलेलं पाणी तो केव्हाच संपवेल. म्हणून 300 मिलीच्या बाटल्यांत वेगवेगळं प्रमाण लावतात. शेवटी निदान 1 मिलिग्रॅम उरायला हवा आणि निदान 2 खर्च व्हायला हवा. समजा, 6 मिली नमुन्यात ऑक्सिजन 4 ने उतरला: बीओडी 200. तोच नमुना 3 मिली घेतल्यावर 3.5 ने उतरला: 350. पातळ केल्यावर आकडा चढला, तर नमुन्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे.

सीओडी या दुसऱ्या चाचणीसारखं आम्ल टाकून बीओडीचा नमुना टिकवता येत नाही. बर्फात, 4 अंशांच्या आसपास ठेवून, शक्यतो 6 तासांत आणि फार तर 24 तासांत तो लावायचा. पाच दिवस, 20 अंश ही परदेशातली रूढ पद्धत. आपल्या भारतीय मानकात 27 अंशांना तीन दिवस आहेत. रंगावर तर जाऊच नका: खळीचं फिकट पाणी लालभडक पाण्यापेक्षा जास्त बीओडी देऊ शकतं.

डाइंगवाल्यांनो, अहवालात बीओडीचा 30 च्या आतला आकडा पाहून थांबू नका. नमुन्याचा मूळ पीएच, क्लोरीन, पेरॉक्साइड आणि लावलेली प्रमाणं लेखी मागा.