तरुणपणी हृदयाची झडप बदलताना

● यांत्रिक झडप : मुख्यतः पायरोलिटिक कार्बनची. दशकानुदशके टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणारी 'आयएनआर' तपासणी आयुष्यभर.

● जैविक झडप : गुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेली. गोळी बहुधा काही महिनेच; मात्र तरुणांत लवकर झिजते, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते.

● वय : महाधमनीच्या झडपेसाठी अमेरिकेतील २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सहसा पन्नाशीच्या आत यांत्रिक, ६५ नंतर जैविक झडप सुचवतात.

● गर्भधारणा : वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. मूल हवे असल्यास शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलावे.

● देशी पर्याय : तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली यांत्रिक झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली.