दुखतंय, पण सांगू कुणाला?

तासाभराचं लेक्चर आणि लाकडी बेंच. आपण कंटाळतो, चुळबुळ करतो आणि बेल झाली की कॅन्टीनला पळतो. आता विचार करा, त्याच बेंचवर दहा मिनिटं बसणंही नकोसं होतंय. टॉयलेटला जायची भीती वाटतेय, कधी रक्ताचा डाग दिसतोय. आणि हे घरी, मित्राला, अगदी डॉक्टरलाही सांगवत नाहीये.

एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांना हा त्रास असतो. त्यामागे एक वेगळाच विषाणू आहे, एचपीव्ही. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे गुदद्वाराजवळ चामखिळी येतात. १६ आणि १८ मुळे पेशींमध्ये असे बदल होऊ शकतात, जे पुढे कॅन्सरपर्यंत जातात. निरोगी माणसाचं शरीर बहुतेक वेळा दोनेक वर्षांत हा विषाणू हटवतं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती कमी केली असेल तर तो ठाण मांडून बसतो. एआरटीच्या गोळ्या एचआयव्हीला आवरतात, पण एचपीव्हीवर त्या थेट काम करत नाहीत.

म्हणजे रिपोर्टमध्ये एचआयव्ही अगदी आटोक्यात आणि पेशंट मात्र हैराण, असंही होतं. कारण रिपोर्टमध्ये खाज, आग, झोपमोड दिसत नाही. जोडीदाराला काय सांगायचं हा प्रश्न दिसत नाही. चामखिळी जाळून किंवा शस्त्रक्रियेने काढल्या तरी त्या पुन्हा येऊ शकतात. मग ‘आता कॅन्सर तर नाही ना?’ ही धास्ती असतेच.

खरं सांगते, या विषयावर वाचताना लोकलमध्ये मी मोबाइलची स्क्रीन तिरकी धरली होती. मला काही झालेलं नसताना एवढा संकोच, तर ज्याला झालंय त्याचं काय? ‘मूळव्याधच असेल’ म्हणत मेडिकलमधून मलम आणणं त्याला सोपं वाटणारच.

आणि ‘हे फक्त गे मुलांचं’ असं म्हणून हात झटकू नका. त्यांच्यात धोका जास्त आहे हे खरं, पण हा आजार बायकांनाही होतो. एचपीव्ही त्वचेच्या संपर्कातूनही पसरतो. कंडोममुळे धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही.

लाजेची किंमत किती मोठी आहे, हे अमेरिकेतल्या ‘अँकर’ अभ्यासाने दाखवलं. पस्तिशी ओलांडलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे साडेचार हजार लोकांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींतले धोकादायक बदल वेळीच काढून टाकले, तर गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो, असं त्यात दिसलं. पण डॉक्टर तपासणार कधी? पेशंट बोलला तर! या अभ्यासाच्या टीमने एक खास प्रश्नावलीही तयार केली. दुखतं का, रोजची कामं जमतात का, मनावर ताण आहे का, हे त्यात थेट पेशंटलाच विचारलं जातं. साधे प्रश्न आहेत, पण कुणीतरी विचारायला हवेत ना!

आपण काय करू शकतो? पहिलं म्हणजे लस. एचपीव्हीची लस ‘मुलींची’ समजली जाते. ऑस्ट्रेलियात मात्र २०१३ पासून मुलांनाही ती शाळेत देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये आली, ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे. लस झालेला संसर्ग घालवत नाही, पुढचा रोखते. म्हणून आपल्या वयातच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

दुसरं म्हणजे हक्क. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार या कारणावरून कॉलेज, नोकरी किंवा उपचारात भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय कुणाचं स्टेटस इतरांना सांगताही येत नाही. शंका असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

आणि तिसरं, सगळ्यात स्वस्त. ग्रुपवर ‘त्या’ जागेच्या दुखण्यावर जोक आला की हसण्याआधी एक सेकंद थांबा. ग्रुपमध्ये गप्प बसलेला एखादा मित्र कदाचित तेव्हाच ठरवत असेल, की तुम्हाला सांगायचं की नाही.