उपासमारीत जागं होणारं प्रथिन

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सुमारे ६००० जनुकं आहेत. जनुकावरून उतरलेल्या कच्च्या आरएनएमध्ये काही वेळा प्रथिनाच्या संदेशात न लागणारा एखादा तुकडा असतो. तो ‘इंट्रॉन’ कापून उरलेली टोकं जोडली, की संदेशवाहक आरएनए तयार होतो. माणसाच्या बहुतेक जनुकांत असे अनेक तुकडे असतात. यीस्टच्या मात्र जेमतेम पाच टक्के जनुकांत. मग एवढेच का टिकले? त्यातल्या काहींपुरतं उत्तर आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांकडे आहे.

मेर-२ या जनुकाचं उदाहरण फार बोलकं आहे. खाणंपिणं मुबलक असतानाही यीस्ट त्याचा आरएनए बनवत राहतं, पण त्यातला इंट्रॉन नीट कापलाच जात नाही. कापण्याची जागा सदोष असल्यामुळे छेदनयंत्रणेची तिथे पकड बसत नाही. अन्न संपलं, की यीस्ट अर्धसूत्री विभाजन करून बीजाणू बनवू लागतं आणि तेव्हाच मेर-१ हे प्रथिन पेशीत अवतरतं. इंट्रॉनमधल्या मोजक्या अक्षरांची खूण ओळखून ते तिथे बसतं आणि छेदनयंत्रणेच्या यू-१ या घटकाला त्या जागी टिकवून धरतं. आता कापणी होते, आणि गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीला लागणारं मेर-२ प्रथिन मिळतं. विभाजनाशी जोडलेली ही कापणी येल विद्यापीठातल्या शर्ली रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवली. मेर-१ नसलेलं यीस्टही बीजाणू बनवतं, पण ते जगत नाहीत.

एल-३० चं काम याच्या अगदी उलटं. हे मुळात, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या बांधणीतलं प्रथिन. रायबोसोममध्ये जागा मिळाली नाही, की उरलेलं एल-३० स्वतःच्याच कच्च्या आरएनएला जाऊन चिकटतं आणि त्याची कापणी अडवतं. साठा वाढला की उत्पादन आपोआप थांबतं! त्या आरएनएची घडी रायबोसोममधल्या एल-३० च्या जागेसारखीच आहे, म्हणून हे साधतं. 

कापणीखेरीज संदेशाच्या टोकाला अ‍ॅडेनिनची शेपटी लागते. यीस्टमध्ये ती साधारण ७० ते ९० अक्षरांची असते. तिच्या लांबीवर लगाम ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे नॅब-२. ते बिघडलं, की शेपट्या वाजवीपेक्षा लांबतात. नॅब-२ चं माणसातलं भावंड झेडसी३एच१४. त्याच्या जनुकातल्या बिघाडामुळे बौद्धिक अक्षमता येते, हे काही इराणी कुटुंबांच्या अभ्यासातून २०११ मध्ये समजलं. मेंदूच्या पेशींत या प्रथिनाचं नेमकं काय चुकतं, याचा शोध घेताना यीस्टवरचं काम संशोधकांच्या हाताशी होतं.